सिलिकॉनची नळी सगळ्यात शेवटी

भिलाईच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरांत वाढलेल्या आम्हा लोकांची आंघोळ म्हणजे बादली, मग आणि दारापर्यंत ओली झालेली फरशी. नेहरूनगरच्या घरी आल्यावर आईला त्या ओल्या फरशीची धास्ती वाटू लागली. म्हणून आधीच टाइल्स लावलेल्या बाथरूमच्या कोपऱ्यात अ‍ॅक्रिलिकचा शॉवर ट्रे आणि त्याभोवती काचेचं एन्क्लोजर बसवून घेतलं. मिस्त्रीने ट्रे फरशीवर टेकवला, कडेने सिलिकॉन मारलं आणि "अब पानी कहीं नहीं जाएगा" म्हणत पैसे घेऊन गेला. मे महिन्यात शेजारच्या खोलीतल्या भिंतीचा रंग पायथ्याशी फुगला. बाहेर ऊन रणरणत होतं, त्यामुळे पावसाला दोष द्यायचीही सोय नव्हती. मिस्त्रीला परत बोलावलं. त्याने आतून सिलिकॉनचा आणखी एक थर चढवला आणि ओल वाढली.

दुसऱ्या, जुन्या प्लंबरने ट्रे उचलला तेव्हा उलगडा झाला. खाली चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे, मधे पोकळी. माणूस उभा राहिला की असा ट्रे किंचित लवतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कडेचं सिलिकॉन हळूहळू सुटत जातं आणि तिथून पाणी खाली उतरतं. खाली टाइल्स होत्या, पण त्यांचा उपयोग नाही. टाइल पाणी पीत नसली तरी सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट पितं. पाणी अडवणारा वॉटरप्रूफिंगचा थर टाइल्सच्या मागे असावा लागतो. आमच्याकडे तो नव्हताच.

आतल्या थराने तर घोटाळाच केला. एन्क्लोजरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत थोडं पाणी शिरतंच. ते खालून पुन्हा ट्रेमध्ये ओघळावं म्हणून चौकटीला सिलिकॉन फक्त बाहेरून लावतात. आतली वाट बुजवली की पाणी भिंतीकडे वळतं. पाणी अडवण्यापेक्षा त्याला परत ट्रेमध्ये आणायचं, एवढं कळलं असेल त्यालाच हे काम द्यावं, असं माझं मत झालं आहे.

दुसऱ्या वेळी भिंतीवरची खालची टाइल्सची रांग काढली. उघड्या भिंतीला आणि फरशीला वॉटरप्रूफिंगचे दोन थर दिले. ट्रे वाळू-सिमेंटच्या अखंड थरावर बसवला आणि पाणसळ लावून चारही कडा सपाट केल्या. पाण्याला लागणारा ढाळ ट्रेच्या तळात कारखान्यातच दिलेला असतो, आपण वेगळा द्यायचा नाही. ट्रेची कड भिंतीला सिलिकॉनने जोडून मग टाइल्स त्या कडेवर उतरवल्या. जुन्या रंगाची टाइल सुपेलाच्या बाजारात मिळाली नाही, तेव्हा काळी पट्टी लावली. आईला ती आवडत नाही.

सांडपाण्याच्या पाइपला मीटरमागे साधारण अडीच सेंटिमीटर उतार हवा आणि त्याच्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, निदान 50 मिलिमीटर पाणी राहायला हवं, नाहीतर गटाराचा वास घरात येतो. एवढी जागा खाली मिळावी म्हणून मिस्त्री लोक ट्रे विटांवर उचलतात. पण म्हाताऱ्या माणसाला ती उंच पायरी ओल्या फरशीइतकीच धोक्याची. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून फरशी खोदून पाइप खाली नेता आला. फ्लॅटमध्ये स्लॅबला हात लावू नका; तिथे ट्रेचा नाद सोडून उताराची फरशी, कडेला ग्रॅनाइटची पट्टी आणि वर काच, एवढंच करा.

टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून माप टाइल्स लागल्यावरच घ्या, खाली, मधे आणि वर अशा तिन्ही ठिकाणी, आणि भिंतीला ओळंबा लावून पाहा. चौकटीसाठी भिंतीत भोकं पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते. नळाच्या सरळ रेषेत वर ड्रिल लावूच नका, तिथून पाइप गेलेला असतो.

आपल्याकडे एक जादा भानगड आहे. भिलाईच्या आसपासची जमीन चुनखडीची; प्लांटला चुनखडी नंदिनीच्या खाणीतून येते ती यामुळेच. बोअरचं पाणी वापरत असाल तर काचेवर पांढरे डाग पडणारच. आंघोळीनंतर रबरी वायपर फिरवला तर ते बसत नाहीत. बसलेच तर पातळ व्हिनेगर चालतं, पण काळ्या ग्रॅनाइटवर किंवा संगमरवरावर ते सांडू देऊ नका.

सिलिकॉन सुकायला पूर्ण दिवस द्या. मग जाळीवर बोळा बसवून ट्रे पाण्याने भरा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पलीकडच्या भिंतीला हात लावून पाहा. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.