लोकल डेटाबेस आणि बदली डेटाबेस

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा भाग सुटा काढायचा, ठरलेल्या माहितीवर चालवायचा आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे येते का ते पाहायचे. क्लाउडवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये असा सुटा भाग क्वचितच सापडतो. पावती बनवणे असो की थकबाकी काढणे, निम्मा हिशेब कोडमध्ये असतो आणि निम्मा क्वेरीत, रकान्यांच्या मर्यादांत, कन्स्ट्रेंटमध्ये. डेटाबेस वगळून अशा कोडची टेस्ट लिहिली तर ती नेमकी कशाची टेस्ट, हे सांगता येत नाही. म्हणून टेस्टला डेटाबेस लागतो, आणि तो प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या मशीनवर असणे सर्वांत सोयीचे.

असे लोकल डेटाबेस तीन तऱ्हांचे. पहिला बदली: क्लाउडवर पोस्टग्रेस असतो, पण टेस्ट चालतात मेमरीतल्या एसक्यूलाइटवर किंवा जावावाल्यांच्या एचटूवर. दुसरा इम्युलेटर: क्लाउड कंपनीनेच दिलेली आपल्या सेवेची नक्कल, उदाहरणार्थ डायनॅमोडीबी लोकल. तिसरा म्हणजे तेच इंजिन, त्याच आवृत्तीचे, आपल्या लॅपटॉपवर डॉकरच्या कंटेनरमध्ये. पहिल्या तऱ्हेने केलेल्या नुकसानीचे खापर सर्रास तिसरीवर फोडले जाते. हे लिहिण्याचे कारण तेच.

लोकल डेटाबेस का हवा, याचे उत्तर घोटीत बसून काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. घोटीच्या इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे होतात. ॲमेझॉनचे मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाले, गूगलचे २०१७ मध्ये. त्याआधी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात केंद्र उघडले होते. म्हणजे डेटासेंटर कसारा घाटाच्या पलीकडेच आहे, तरी मोबाइल नेटवर एका क्वेरीची जा-ये ३० मिलिसेकंद धरावी लागते. पाचशे टेस्ट आणि प्रत्येकीत वीस क्वेरी धरल्या तर दहा हजार फेऱ्या, म्हणजे नुसत्या वाट पाहण्याची पाच मिनिटे. तेच काम लॅपटॉपवर काही सेकंदांत उरकते. काही सेकंदांत होणारी टेस्ट माणूस प्रत्येक बदलानंतर चालवतो. पाच मिनिटांची टेस्ट जेवायला जाताना चालवतो आणि आल्यावर निकाल पाहायला विसरतो.

आता बदली डेटाबेस. एसक्यूलाइट वाईट नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला आणि आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये तो आहे. पण तो पोस्टग्रेस नाही. रकान्याला दहा अक्षरांची मर्यादा लिहिली तरी एसक्यूलाइट ती पाळत नाही. पन्नास अक्षरे दिली तर पन्नास ठेवून घेतो. २०२१ मध्ये आलेले ‘स्ट्रिक्ट’ टेबल माहितीचा प्रकार तपासते, लांबी तेही तपासत नाही. फॉरेन की मुळात बंद असतात, प्रत्येक जोडणीवर चालू कराव्या लागतात. दशांश रकमेसाठी अचूक प्रकारच नाही, त्यामुळे डेसिमल म्हणून लिहिलेला रकाना आतून फ्लोट होऊन बसतो आणि पैशांच्या बेरजेत शेवटचा आकडा डुगडुगतो. ‘लाइक’ने शोध घेताना इंग्रजी लहान-मोठी अक्षरे एसक्यूलाइटला सारखी, पोस्टग्रेसला वेगळी. एकाच वेळी एकच जण लिहू शकतो, म्हणून दोघांनी एकदम लिहिल्यावर काय होते याची टेस्ट तिथे होतच नाही.

यातला पहिला मुद्दा महाग पडला. घोटी ही भाताची पेठ. दिवाळीनंतर मळणी उरकून भात येऊ लागले की राइस मिलच्या वजनकाट्यावर पिकअप आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. काट्यावरची पावती क्लाउडवर नोंदवणारे ॲप्लिकेशन बाहेरगावच्या एका कंपनीचे होते आणि त्यातले काही काम या मजकुराच्या लेखकाकडे होते. टेबलांची रचना कंपनीची, टेस्ट एसक्यूलाइटवर चालवायच्या हा नियमही कंपनीचा. टेस्टसाठी पोस्टग्रेसच वापरू द्या, असे लेखकाने काम सुरू होतानाच लेखी कळवले होते. ‘टेस्ट स्लो होतील’ एवढे तीन शब्द उत्तरात आले.

गाडी क्रमांकाचा रकाना दहा अक्षरांचा होता. राज्याची दोन अक्षरे, आरटीओचे दोन आकडे, मालिकेची दोन अक्षरे आणि पुढचे चार आकडे: बरोबर दहा. पण काट्यावरचा माणूस क्रमांक टाकतो तो पाटीवर दिसतो तसा, मध्ये जागा सोडून. तीन जागा धरल्या की तेरा. जागा सोडून लिहिलेला क्रमांक स्वीकारला जातो की नाही, याची टेस्ट लेखकाने लिहिलेली होती आणि ती रोज हिरवी दिसत होती. हंगामात क्लाउडवरच्या पोस्टग्रेसने तोच क्रमांक नाकारला. पावती निघेना, काट्यावर गाड्या तुंबल्या, ड्रायव्हरांनी हॉर्न धरले आणि मुनीम शेवटी जुने छापील पावतीपुस्तक काढून बसला.

खरा उलगडा त्या रात्री झाला. लेखकाने लॅपटॉपवर पोस्टग्रेस उभा केला, त्यात कंपनीचीच टेबले बनवली आणि टेस्टच्या कोडमधली एकही ओळ न बदलता सगळ्या टेस्ट त्यावर चालवल्या. हिरवी टेस्ट लाल झाली. त्रुटीचा संकेत २२००१: मजकूर रकान्यापेक्षा लांब. त्याच्याखाली आणखी लाल टेस्ट दिसू लागल्या. नसलेल्या शेतकऱ्याच्या नावावर नोंदवलेली पावती त्यातच होती. दोष लोकल असण्यात नव्हता. तोही डेटाबेस लोकलच होता, आणि क्लाउडला हात न लावता त्याने जागेवर चूक पकडली होती.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर हे दाखवले तेव्हा स्क्रीनकडे कोणी पाहिले असे वाटले नाही. “लोकलवर टेस्ट केली की असंच होणार,” असा निर्णय आला. “घोटीत बसून क्लाउडचं काम होत नसतं,” ही पुढची मल्लिनाथी. सुरुवातीच्या लेखी सूचनेचा विषय काढताच ‘आता मागचं उकरू नका’ म्हणून तो बंद झाला. यापुढे सगळ्या टेस्ट क्लाउडवरच्या एका सामायिक डेटाबेसवर चालवायच्या असा हुकूम निघाला. परिणाम ठरलेलाच होता. एकाची टेस्ट सुरुवातीला टेबल रिकामे करी, तेवढ्यात दुसऱ्याची टेस्ट तिथे स्वतःच्या ओळी शोधत असे. लाल निकाल आला की कोडमध्ये काय चुकले हे शोधण्याऐवजी ‘आत्ता कोण टेस्ट चालवतंय?’ असे ग्रुपवर विचारायची पद्धत पडली.

इम्युलेटरची गोष्ट थोडी निराळी. तो मूळ कंपनीने बनवलेला असतो, म्हणून त्यावर विश्वास चटकन बसतो. पण फायरस्टोअरचा इम्युलेटर कंपोझिट इंडेक्सची दखल घेत नाही. क्वेरी वैध असली की चालवून दाखवतो, आणि खऱ्या सेवेत तीच क्वेरी इंडेक्स नाही म्हणून अडते. डायनॅमोडीबी लोकल आतून एसक्यूलाइटवरच चालतो. तिथे टेबल क्षणात तयार होते आणि ठरवून दिलेल्या थ्रूपुटची मर्यादा लागू होत नाही. क्लाउडवर एका क्वेरीचे उत्तर १ एमबीच्या पानात तुटते. टेस्टमधल्या पाच-दहा ओळी तिथवर कधी पोचत नाहीत, त्यामुळे पुढचे पान मागणारा कोड विसरला असेल तर कळणार कसे? त्यासाठी एक टेस्ट मुद्दाम भरपूर माहिती घालून लिहावी.

नक्कल मूळ सेवेपेक्षा सोपी असण्याचा हा दोष जुनाच आहे, आणि तो मान्य करणारे लोकही होते. गूगलचे ॲप इंजिन २००८ मध्ये आले. २०११ मध्ये त्याचा डेटास्टोअर अशा रचनेवर गेला की नुकतेच लिहिलेले लगेच क्वेरीत दिसेलच याची हमी उरली नाही. लॅपटॉपवर मात्र ते दिसायचेच. म्हणून टेस्टसाठीच्या नकली डेटास्टोअरला संभाव्यतेचा आकडा देण्याची सोय केली गेली. शून्य दिला की ताजी नोंद क्वेरीतून गायब राही आणि तिच्यावर भिस्त ठेवणारा कोड लॅपटॉपवरच उघडा पडे. नक्कल मूळ सेवेइतकीच त्रासदायक करणे हा प्रामाणिक मार्ग. आजच्या किती इम्युलेटरांना तो मानवेल?

तिसऱ्या तऱ्हेचा डेटाबेस, म्हणजे तेच इंजिन, नीट उभा करायला थोडी शिस्त लागते. क्लाउडवर पोस्टग्रेस १५ असेल तर लॅपटॉपवरही १५ हवा. ‘लेटेस्ट’ ही डॉकर इमेज टाळावी. टेबले ओआरएमकडून आयती बनवून न घेता मायग्रेशन चालवूनच तयार करावीत, म्हणजे मायग्रेशनचीही टेस्ट होते. आकाराने लहान म्हणून अल्पाइनची इमेज घेण्याचा मोह होतो, पण तिची मसल लायब्ररी भाषेप्रमाणे क्रम लावण्यात ग्लिबसीसारखी वागत नाही, आणि नावांची यादी क्लाउडवर वेगळ्या क्रमाने येते. इमेज पावसाआधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी. ऑगस्टमध्ये ती खेचत बसण्यात दिवस जातो. टेस्टच्या डेटाबेसवर एफसिंक बंद केले तर वेग चांगला वाढतो. वीज गेली तर तो डेटाबेस खराब होईल, होऊ द्यावा, टाकाऊच आहे तो. पोर्ट फक्त १२७.०.०.१ वर उघडावे. आणि कोडने लॅपटॉपवर सुपरयुजर म्हणून जोडणी घेऊ नये, कारण क्लाउडच्या व्यवस्थापित सेवेत खरा सुपरयुजर मिळत नाही.

प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करणे ही प्रचलित आणि जलद पद्धत. तिच्यात दोन खाचा आहेत. कमिटपर्यंत पुढे ढकललेले कन्स्ट्रेंट तपासलेच जात नाहीत. शिवाय पोस्टग्रेसचे ‘नाऊ’ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते, म्हणून एका टेस्टमधल्या सगळ्या पावत्यांवर एकच वेळ पडते आणि वेळेनुसार लावलेल्या क्रमाची टेस्ट निरर्थक होते. अशा टेस्टसाठी खरोखर कमिट करावे आणि नंतर डेटाबेसच फेकून द्यावा. पोस्टग्रेसमध्ये एका तयार डेटाबेसचा साचा वापरून नवा बनवता येतो, आणि तो लवकर बनतो.

इंजिन तेच असले तरी घड्याळ वेगळे असू शकते. लॅपटॉपवर थेट बसवलेला पोस्टग्रेस भारतीय वेळ उचलतो, क्लाउडवरचा बहुधा यूटीसीवर असतो. फरक साडेपाच तासांचा. पहाटे पाचला काट्यावर आलेल्या गाडीची पावती त्यामुळे आदल्या तारखेत जाते. १ एप्रिलच्या पहाटेची पावती तर मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. दुपारी चालवलेल्या टेस्टला हे दिसत नाही. लॅपटॉपवरचा डेटाबेस यूटीसीवर ठेवावा आणि पहाटे पाचची एक टेस्ट कायमची लिहून टाकावी.

मराठी माहितीसाठी टेस्टमधली नावेही मराठी हवीत. पोस्टग्रेस रकान्याची लांबी युनिकोडच्या चिन्हांत मोजतो: ‘श्री’ची चार होतात, ‘कुऱ्हाडे’ची आठ. डायनॅमोडीबीत नोंदीची ४०० केबीची मर्यादा बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. ‘ऱ्हा’मधला र एका कीबोर्डवरून ‘ऱ’ आणि हलन्त मिळून येतो, तर दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण पोस्टग्रेसला ती दोन वेगळी नावे वाटतात आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती निघतात. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: विंडोजवर टेबलांच्या नावांतली लहान-मोठी अक्षरे चालून जातात, लिनक्सवर चालत नाहीत, आणि क्लाउड लिनक्सवर असतो.

लोकलवर ज्या गोष्टी कळत नाहीत त्याही आहेत: परवानग्या, तुटणाऱ्या जोडण्या, इंडेक्स, एकाच वेळी किती जोडण्या चालतात याची मर्यादा. त्यांच्या थोड्या टेस्ट रात्री एकदा खऱ्या क्लाउडवर, स्वतंत्र डेटाबेसवर चालवाव्यात. टेस्टसाठी गिऱ्हाइकांची खरी माहिती लॅपटॉपवर उतरवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि वेळ आली की तो लॅपटॉप कोणाचा हे सगळ्यांना अचूक आठवते. बाकी बॅकअप घ्यावा, पासवर्ड कोडमध्ये लिहू नये वगैरे नेहमीचे आहेच.

त्या कंपनीने पुढे गाडी क्रमांकाचा रकाना मोठा केला आणि काही महिन्यांनी टेस्टही कंटेनरमधल्या पोस्टग्रेसवर आणल्या. लेखकाच्या शेवटच्या बिलातून ‘टेस्टिंगमधील त्रुटी’ म्हणून कापलेली रक्कम मात्र परत केली नाही. गावाकडे बसून असे काम घेणाऱ्यांनी टेस्ट कोणत्या इंजिनाच्या कोणत्या आवृत्तीवर चालणार आणि ते कोण ठरवणार, हे कंत्राटातच लिहून घ्यावे. ईमेलवरच्या सूचनेला बिलाच्या वेळी कोणी विचारत नाही.