अर्ज कुठे अडलाय ते स्वतः बघा

मुलीची स्कॉलरशिप सरकारने अडवलीय, असं कॉलेज आम्हाला महिनोन्‌महिने सांगत होतं. साफ खोटं होतं ते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. आमच्याकडे सगळे दाखले होते. तरी ऑफिसात ऐकवलं, "आधी पूर्ण फी भरा, पैसे आले की परत देऊ." प्रवेशाचे दिवस आणि गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांची घाई आमच्या पेणला एकाच वेळी येते. माझे यजमान अशाच कारखान्यात मजुरी करतात. ह्यांनी कारखानदाराकडून उचल घेतली आणि फी भरली.

त्यानंतर विचारायला गेलं की एकच उत्तर, "वरून आले नाहीत." क्लार्क मान वर करून बघतसुद्धा नसे. शेवटी पेणमध्येच एका सायबर कॅफेत मुलीने महाडीबीटीवर, म्हणजे या सवलतीचा अर्ज भरलेल्या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवर, लॉगिन केलं. अर्ज कॉलेजच्याच टेबलावर पडलेला! पुढे पाठवलेलाच नाही, मग वरून येणार काय? माझे हातपाय गार पडले. इतके दिवस आम्ही सरकारला शिव्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी त्या अर्जाची प्रिंट त्या क्लार्कपुढे ठेवली, तर म्हणतो, "अर्जाची मुदत वाढलीय ना, मग एवढं काय?" उचलीचे पैसे ह्यांच्या मजुरीतून कापले जात होते, ते त्याला काय कळणार!

आता ऐका. अर्ज भरला की दर आठवड्याला लॉगिन करून तो कोणाकडे आहे ते बघा आणि प्रिंट काढून ठेवा. त्रुटी काढून परत पाठवला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा. मुलीच्या नावावर येणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. केवायसी झालं म्हणजे सीडिंग (आधार जोडणी) झालं असं नाही, बँकेत तेवढंच वेगळं विचारा. उत्पन्नाचा दाखला गर्दी व्हायच्या आत सेतूतून काढा. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल आपोआप होईल असं धरून चालू नका. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत विसरा. कागद नीट जपा, कोणावर विसंबू नका.

पूर्ण फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत दाखवा आणि लेखी उत्तर मागा. तोंडी बोलणारे लेखी द्यायची वेळ आली की नरमतात. तरी ऐकलं नाही, तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे अर्ज करा, पोच घ्या. पोरीला त्रास देतील म्हणून आम्ही गप्प राहू, याच भरवशावर त्यांचं चालतं. तुम्ही गप्प राहू नका.