दांड्यातून निसटलेली कुऱ्हाड

शास्त्रपाठ : अनुवाद 19:4-5, उपदेशक 10:9-10



अनुवादातील हा भाग मी पदविकेच्या वर्गात आश्रयनगरांसाठी शिकले. दोघे रानात लाकडे तोडायला जातात, पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी प्राणाला मुकतो. पळून जाणाऱ्याचे काय होते ते आम्ही परीक्षेत लिहिले. दांडा सैल का होता, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्याकडे देणगीत जुनी अवजारे आली. मी ती मोजली आणि प्रार्थना करून वाटली. आठवड्याने एका पाड्यावर लाकूड फोडताना त्यातल्याच एका कुऱ्हाडीचे पाते उडाले आणि फोडणाऱ्याच्या धाकट्या भावाच्या नडगीवर बसले. हाड वाचले, पण ऐन पेरणीत पोरगा घरी बसला. त्याची आई मला एवढेच म्हणाली, "ताई, देताना हलवून पाहिली नव्हती का?"

नव्हती पाहिली.

सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवायची आपल्याकडे रीत आहे. लाकूड फुगते, पाते घट्ट वाटते. पण वाळल्यावर लाकूड पुन्हा आकसते आणि आधी दाबले गेल्यामुळे पहिल्यापेक्षाही ढिले पडते. खरा उपाय पाचरीचा. दांडा चांगला वाळलेल्या लाकडाचा घ्यावा, पात्याच्या भोकात पक्का बसवावा आणि वरच्या टोकात पाचर ठोकावी. चीर गेलेल्या दांड्याला तार गुंडाळू नये, तो बदलावा. धामणाचे लाकूड चिवट असते. हे मला पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी शिकवले, पदविकेने नव्हे.

बोथट अवजार कमी धोक्याचे, असा एक समज आहे. उपदेशक उलटे सांगतो : धार नसली की जोर जास्त लागतो. आणि जोराचा घाव घसरला की पायावर येतो. म्हणून कामाआधी कानस फिरवावी. फोडणाऱ्याच्या समोर किंवा मागे कोणी उभे राहू नये. छिन्नीचे डोके ठोकून पसरले असेल तर ती कड घासून काढावी, नाहीतर तिचा तुकडा उडून डोळ्यात जातो.

जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद, तंबाखू भरू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

अवजारे पाठवणाऱ्यांना विनंती, कुऱ्हाडीबरोबर एक कानसही पाठवा. दांडा खराब असेल तर नुसते पाते चालेल. तो पोरगा आता नीट चालतो, आणि आलेल्या पात्यांना दांडे बसवायचे काम आम्ही त्याच्याकडेच दिले आहे.