‘अ‍ॅनोटेट’ करणें म्हणजे काय?

एखादा ग्रंथ टीपा देऊन विशद करणें, हा ‘अ‍ॅनोटेट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ होय. त्याचें मूळ लॅटिन आहे. त्यांतील ‘नोटा’ म्हणजे खूण. ‘नोट’ हा शब्दहि त्याच कुळांतला.

‘पुस्तकावर टीपा लिहिणें’ या मराठी वळणामुळें आम्ही ‘अ‍ॅनोटेट ऑन द बुक’ असें लिहून जातों. तें चूक होय. ‘अ‍ॅनोटेट द बुक’ एवढेंच म्हणावें. ‘ऑन’ लागतें तें ‘कॉमेंट’ या क्रियापदास.

आपल्याकडे या कार्यास टीका म्हणत. आज टीका म्हणजे दोष काढणें असें आपण बहुधा समजतों, परंतु शके १२१२ मध्यें (इ. स. १२९०) नेवाशास झालेली ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच आहे. गीतेचा अर्थ सर्वांस कळावा म्हणून ती झाली.

आम्हां पालघर-बोईसरकडील मुलांनीं इतिहासांत वसईच्या मोहिमेचा धडा वाचतांना ‘तारापूर’ या नांवाशेजारीं पेन्सिलीनें लिहावें: ‘आपल्या जवळचा किल्ला. मराठ्यांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला. बाजी भिवराव येथें धारातीर्थीं पडले.’ हेंच ‘अ‍ॅनोटेट’ करणें. विकतच्या मार्गदर्शिकेंतील टीप पाठ होते; स्वतः लिहिलेली समजते. मात्र पुस्तक स्वतःचें असावें, ग्रंथालयाचें नव्हे!