सोमवारपासून

फेब्रुवारीतली सकाळ होती, पावणेसातची. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या चढताना, निम्म्याच्या थोडं अलीकडे, माझ्या उजव्या बुटाचा तळ निखळला. ठेच लागली नव्हती, पाय मुरगळला नव्हता. बूट तर नवे होते, म्हणजे चार वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला घेतलेले आणि त्या दिवसापर्यंत एकदाही न घातलेले. वाकून पाहिलं तर तळाचा मधला थर शिळ्या केकसारखा भुगा होऊन दगडी पायरीवर पडला होता. आदल्या रात्री खोक्यातून काढले तेव्हा पुढच्या टोकात कोंबलेला कागदाचा बोळा आणि ओल शोषणारी ती छोटी पुडी जशीच्या तशी होती.

नाक्यावरच्या चांभारकाकांनी बूट हातात घेऊन नुसतं दाबून पाहिलं. “पडून होते ना?” त्यांनी विचारलं. हा फोमसारखा तळ हवेतल्या दमटपणाने हळूहळू आतून विरत जातो, बूट खोक्यात बंद असले तरी. वरून चकचकीत दिसतात, पण पहिल्यांदा अंगाचा भार पडला की कळतं. मी घरी आले आणि बराच वेळ तो बूट मांडीवर घेऊन बसून राहिले. चार वर्षं मला वाटत होतं, मी फक्त वाट बघतेय. माझं काही कमी होत नाहीये.

चालढकल करणारा माणूस आळशी असतो असं सरसकट म्हटलं जातं. ते मला पटत नाही. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. पहाटे साडेपाचला उठून दोन डबे करते, मार्चअखेरीला रात्री नऊपर्यंत ऑफिसात थांबते. त्या चार वर्षांत एकही काम मी अंगाबाहेर टाकलं नाही. फक्त स्वतःच्या शरीराचं काम तेवढं ‘सोमवारपासून’ होतं. मग सोमवारचा पाडवा झाला, पाडव्याचा दसरा, दसऱ्याचं ‘दिवाळीचा फराळ संपला की’. एक वर्ष मुलीची दहावी होती. एक वर्ष सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांचा धोकाही तोच होता. खोट्या कारणाची मनाला कधीतरी लाज वाटते, खऱ्या कारणाची वाटत नाही.

मधल्या काळात मी काहीच केलं नाही असंही नाही. बूट घेतले, आहाराचा तक्ता करून फ्रिजवर लावला, व्यायामाचे कितीतरी व्हिडिओ जपून ठेवले. एका व्यायामशाळेची वर्षाची फीसुद्धा भरली. पहिल्याच दिवशी भरपूर बैठका काढल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागलं. नव्या व्यायामानंतरची दुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आपोआप ओसरते, हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी नऊ दिवस गेले आणि थांबले. तयारीतून काम केल्याचं समाधान मिळतं. तेवढ्यावर मन शांत होतं आणि मूळ काम तसंच पडून राहतं.

खरं कारण मला फार उशिरा सापडलं. माझ्या वडिलांना, आप्पांना, मधुमेह होता. शेवटची दोन वर्षं त्यांना स्वतःच्या घराचा जिना चढवत नव्हता. दवाखान्यातून आणलं की आम्ही त्यांना लाकडी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर न्यायचो. पुढचे पाय भाऊ धरायचा, पाठीचा एक कोपरा माझ्या हातात असायचा. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली की ते दोन्ही हातांनी कठडा पकडायचे आणि आमची क्षमा मागितल्यासारखं बघायचे. ती नजर मी विसरले नाही. म्हणूनच रक्त तपासणं मी टाळलं. व्यायाम सुरू करायचा म्हणजे आपलीही वाट त्याच जिन्याकडे जाते आहे हे मान्य करायचं. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगत होते. मला भीती वाटत होती.

शेवटी तपासणी झाली ती मुलीने हट्टाने नेलं म्हणून. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, ६.२ आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी, ६.५ पासून मधुमेह. शिवणाच्या टेपने मोजलेली कंबर ९४ सेंटिमीटर होती. भारतीय बायकांनी ८० ची मर्यादा पाळावी असं सांगितलं जातं. आमच्या डॉक्टरांनी मला रागावलं नाही. ‘चालायला लागते’ असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “उद्या किती वाजता? घरातून निघून कुठे? आणि पाऊस आला तर?” तिन्हींपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. चार वर्षं मी जे ठरवत होते त्यात वेळ नव्हती, जागा नव्हती.

त्यांनीच आशेची एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त माणसांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन साधारण सात टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्के घटलं होतं. चेन्नईत आपल्याच लोकांवर झालेल्या अभ्यासातही जीवनशैली बदलण्याचा फायदा दिसला. म्हणजे तो जिना माझ्यासाठी अजून ठरलेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी पर्वती गाठली आणि बुटाचं ते असं झालं. परत फिरून नवे बूट घ्यायचे आणि मग ‘सोमवारपासून’ सुरू करायचं, हा विचार तिथेच, पायरीवर बसल्या बसल्या आला होता. खोटं कशाला सांगू, मी जवळजवळ उठलेच होते. शेजारून सत्तरीच्या एक आजी नऊवारीत, पायात साध्या चपला घालून, कठड्याचा आधार घेत वर गेल्या. मी बूट काढून पिशवीत टाकले आणि उरलेल्या पायऱ्या अनवाणी चढले. एकूण १०३ पायऱ्या आहेत. मला त्या दिवशी पाच वेळा थांबावं लागलं. वर देवळात देवदेवेश्वरासमोर उभी राहिले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती.

आता जे सांगते आहे ते माझ्यासारखीला, जिच्या माळ्यावर असा एखादा खोका आहे तिला.

पर्वती एकदा चढलीस तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ नकोस. मीही गेले नाही. दीड महिना मी फक्त दहा मिनिटं चालले, डबे भरून झाले की लगेच, सोसायटीच्या फाटकापासून दूधकेंद्रापर्यंत आणि परत. ‘डबे भरून झाले की’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा. रोज होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटाला नवं काम बांधलं की त्यासाठी वेगळं मन तयार करावं लागत नाही. दहा मिनिटांनी काय होणार, असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत, आणि एका वेळी निदान दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अटही आता काढली आहे. थोडंथोडं जमतं, ते मोजलंही जातं. वेग इतका असावा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही आहे. आम्ही बायका तो हमखास सोडतो. भिंतीला खुर्ची टेकवून, हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, एवढ्याने मी सुरुवात केली. गुडघ्यांना याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच तेलाचा झाला नाही. मात्र छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. आणि ते विचारणंही पुढे ढकलू नकोस, आजच वेळ घे.

खाडा होईल. माझा गणपतीत आठ दिवस झाला आणि जुनं मन लगेच म्हणालं, आता दसऱ्यापासून नव्याने. लंडनमधल्या संशोधकांनी सवयी कशा लागतात हे पाहिलं होतं. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला २५० च्या पुढे जातील असा त्यांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. तेव्हा खाड्यानंतर मुहूर्त शोधायचा नाही. गौरी-गणपती गेले, दुसऱ्या सकाळी डबे भरले आणि मी फाटकाबाहेर पडले. त्या दिवशी पाच मिनिटंच झाली.

सहा महिन्यांनी आकडा ५.८ आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मी अजून पुरती मागे आलेले नाही आणि कंबर ८९ वरच अडली आहे. पण आता आठवड्यातून तीनदा पर्वती होते, न थांबता.

परवा नाशिकहून नणंदेचा फोन आला. तिच्याही तपासणीत साखर जरा वर निघाली आहे. “वहिनी, बूट कुठले घेऊ ते सांगा, दिवाळीनंतर सुरू करते,” ती म्हणाली. मी विचारलं, भाजी आणायला काय घालून जातेस? तर म्हणाली, सँडल. मग उद्या तेच घाल, म्हटलं. ती सकाळी डबे करून सात वाजता मोकळी होते. सातला पाच मिनिटं असताना मी तिला फोन करणार आहे, आणि ती घरी परत येईपर्यंत आम्ही बोलत राहणार आहोत.