स्टेपनीचा भार आणि लोखंडी बंपर

प्रश्न : नेरूळला राहतो. थारचं मागचं दार लोंबू लागलंय. जाड लोखंडी बंपर आणि त्यावर स्टेपनीचा फिरता आर्म बसवावा का?

उत्तर : आधी दार का लोंबतंय ते शोधा. थारची स्टेपनी दारावरच असते आणि कंपनीच्या मापाचं चाक बिजागऱ्या पेलतात. मोठं, जड टायर टांगलं की ताण वाढतो. दार अर्धवट उघडून खालची कड वर उचला. खटखट हललं, तर बिजागरीची पिन किंवा बोल्ट ढिला आहे. आर्ममुळे भार दारावरून थेट चासीवर जातो, हे खरं. पण त्यासोबत येणारं लोखंड गाडीच्या मागच्या टोकाला कायमचं लटकतं आणि खाडीच्या खाऱ्या हवेत रंगाचा टवका उडाला की गंजतं.

‘रस्त्यावर तर असा बंपर सगळ्यांच्याच गाड्यांना दिसतो,’ असं तुम्ही म्हणाल. तरीही केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच क्रॅश गार्ड, बुल बार अशा लोखंडी जोडण्यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. नियमबाह्य बदलाला मोटार वाहन कायद्याच्या 182अ कलमाखाली प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मागून दुचाकी धडकली, तर न चेपणारं लोखंड सगळा मार त्या स्वारालाच देतं. म्हणून बंपर नकोच. बिजागऱ्या दुरुस्त करा, स्टेपनी मूळ मापाची ठेवा.