बदनापूरचे शेत आणि संगणकातील शेत

जालना ते छत्रपती संभाजीनगर या मार्गावरील बदनापूर हे तालुक्याचे गाव तुरीच्या पिकासाठी राज्यभर परिचित आहे. येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वाणांच्या नावांतच या गावाचे नाव गुंफलेले आहे. ‘बीडीएन’ ही अक्षरे बदनापूरचीच. ‘बीएसएमआर’ या अक्षरांत बदनापूरच्या जोडीला वांझ रोगास प्रतिकार करण्याचा गुणही सांगितलेला आहे. बीएसएमआर-७३६, बीडीएन-७०८, बीडीएन-७११, बीडीएन-७१६ ही नावे मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात सहज येतात. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाचे हे केंद्र आहे.

असे एक वाण तयार करावयाचे म्हणजे संशोधकांना अनेक वर्षे खपावे लागते. संकर करावयाचा, पिढ्यान्‌पिढ्या निवड करावयाची, मर रोग मुद्दाम जोपासलेल्या जमिनीत ती रोपे तपासावयाची आणि मग निरनिराळ्या ठिकाणी चाचण्या घ्यावयाच्या, असा हा क्रम असतो. यात एक अडचण अशी की, शेत वर्षातून एकदाच उत्तर देते. ज्या वर्षी पाऊस चांगला झाला, त्या वर्षी दुष्काळाविषयीचा प्रश्न अनुत्तरित राहतो. जालना जिल्ह्यात सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडत असला, तरी २०१२ सारख्या वर्षी या सरासरीचा शेतकऱ्याला काहीही उपयोग झाला नाही. मग गेल्या ३० वर्षांत पाऊस जसा पडला, त्या प्रत्येक वर्षी हे वाण या जमिनीत कसे आले असते, हे जाणावयाचे कसे? प्रत्यक्ष शेतात हा प्रयोग करणे कोणालाही शक्य नाही. तो संगणकात करता येतो. विज्ञान व अभियांत्रिकीच्या अनेक शाखांतील पदव्युत्तर संशोधन आज ज्या पद्धतीने चालते, त्या पद्धतीचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे.

प्रतिमान म्हणजे काय?

संगणकीय प्रतिमान हा शब्द भारदस्त असला तरी त्यामागील कल्पना घरगुती आहे. गृहिणी महिन्याचा जमाखर्च मांडते, तेव्हा ती घराचे एक प्रतिमानच तयार करीत असते. शेताच्या बाबतीत जमेच्या बाजूला पाऊस येतो. खर्चाच्या बाजूला वाहून गेलेले पाणी, पिकाने घेतलेले पाणी, बाष्प होऊन उडालेले पाणी आणि खोल मुरलेले पाणी येते. जी शिल्लक उरते ती जमिनीतील ओल होय. हा हिशेब रोजच्या रोज मांडला, आज उरलेली शिल्लक उद्याची सुरुवातीची रक्कम धरली, आणि १५० दिवस असे करीत गेले, म्हणजे एका हंगामाचे प्रतिमान तयार होते. संगणक या हिशेबात नवे शहाणपण घालीत नाही. माणसाला कंटाळा येईल तेथे तो थकत नाही, इतकेच.

एक साधे उदाहरण घेऊ. पावसाचे किती पाणी वाहून जाईल हे काढण्याची एक पद्धत अमेरिकेच्या मृदसंधारण विभागाने १९५० च्या दशकात तयार केली. ती आजही जगभर वापरात आहे. या पद्धतीत जमिनीचा प्रकार, तिच्यावरील पीक आणि मशागत पाहून तिला एक अंक देण्यात येतो. अंक जितका मोठा तितके पाणी अधिक वाहते. समजा, एका भारी काळ्या जमिनीचा अंक ८५ आहे आणि तीवर एकाच दिवशी ६० मिलिमीटर पाऊस पडला. सूत्राप्रमाणे सुमारे २७ मिलिमीटर पाणी वाहून जाईल. तोच ६० मिलिमीटर पाऊस २०-२० मिलिमीटरच्या तीन सरींत, मध्ये पुरेशी उघडीप देऊन पडला, तर प्रत्येक सरीतून सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे तिन्ही मिळून साडेसहा मिलिमीटरच्या आसपास पाणी वाहील. एक हेक्टरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. तेव्हा या दोन पावसांतील फरक हेक्टरी सुमारे २ लाख लिटरांचा झाला. पर्जन्यमापकाच्या वहीत मात्र महिन्याची बेरीज दोन्ही वेळा ६० हीच दिसते.

आता जमिनीच्या खोलीचा विचार करू. समजा, उथळ जमिनीत पिकाला घेता येईल असे ५० मिलिमीटर पाणी मावते आणि खोल काळ्या जमिनीत १८० मिलिमीटर. पीक रोज ५ मिलिमीटर पाणी घेत असेल, तर पहिल्या जमिनीतील साठा १० दिवसांत संपेल आणि दुसऱ्या जमिनीतील ३६ दिवस पुरेल. प्रत्यक्षात ओल कमी होत जाते तसे पीकही पाणी कमी घेते, म्हणून खरे प्रतिमान याहून गुंतागुंतीचे असते. तरीही भादव्यात तीन आठवड्यांची उघडीप पडली असता एकाच शिवारातील दोन शेतांचे नशीब वेगळे का होते, हे या हिशेबावरून ध्यानात येईल. सुमारे १५० ते १६० दिवसांत तयार होणारे बीडीएन-७११ कोणत्या जमिनीस सोयीचे आणि अधिक मुदतीचे बीएसएमआर-७३६ कोठे घ्यावे, हा प्रश्न शेवटी याच हिशेबाशी येऊन भिडतो.

हाताच्या गणितापासून महासंगणकापर्यंत

निसर्गाचे असे गणित मांडण्याचा एक धाडसी प्रयत्न ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस रिचर्डसन यांनी केला. हवामानाची सूत्रे हाताने सोडवून सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हे त्यांनी काढले आणि ते १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचे उत्तर १४५ मिलिबार इतके अशक्य आले. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. सूत्रे बरोबर होती. दोष सुरुवातीच्या नोंदींतील लहान विसंगतींचा होता. आपले हे अपयश रिचर्डसन यांनी लपविले नाही, ग्रंथात जसेच्या तसे छापले. त्याच मार्गाने पुढे १९५० मध्ये अमेरिकेत संगणकावर हवामानाचे पहिले यशस्वी गणित होऊ शकले.

महाराष्ट्राचा या इतिहासातील वाटा मोठा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुढे महासंगणक परदेशातून मिळण्यात अडचणी येऊ लागल्या, तेव्हा पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, स्थापन करण्यात आले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक बसविण्यात आले. या संस्थेने तयार केलेली हवामान अंदाजाची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. ती देशाचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करते. असा एक चौकोन ३६ चौरस किलोमीटरांचा, म्हणजे काही गावांचा होतो. पूर्वीचे चौकोन १२ किलोमीटरचे होते.

अनेक शाखा, एक रीत

पदव्युत्तर विद्यार्थी या साधनाचा उपयोग फार निरनिराळ्या कामांसाठी करतात. स्थापत्य अभियंता पुलाचे असंख्य लहान तुकडे कल्पून भूकंपाचा ताण कोणत्या तुकड्यावर किती येईल ते पाहतो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी औषधाचा रेणू शरीरातील प्रथिनाला कसा चिकटेल याचा अंदाज घेतो. वैद्यकाचा अभ्यासक साथीचा फैलाव मोजतो. कृषी हवामानशास्त्राचा विद्यार्थी पेरणीची तारीख आठ दिवसांनी पुढे ढकलली तर उत्पादनात काय फरक पडेल हे तपासतो. यासाठी ‘डीसॅट’ आणि ‘अ‍ॅपसिम’ या नावांचे प्रतिमानसंच जगभर वापरले जातात. तुरीच्या बाबतीत तर प्रतिमानाला दिवसाची लांबीही सांगावी लागते, कारण दिवस लहान होऊ लागल्यावरच तूर फुलोऱ्याकडे वळते. पेरणीस उशीर झाला की झाडाची वाढ खुंटते आणि ते लवकर फुलते, ही शेतकऱ्याच्या अनुभवाची गोष्ट त्या गणितात उतरवावी लागते.

विषय वेगळे असले तरी रीत एकच असते. प्रथम सूत्रे मांडावयाची. नंतर काही वर्षांच्या प्रत्यक्ष नोंदी घेऊन त्यांतील अंक जुळवावयाचे. मग, जी वर्षे प्रतिमानाला दाखविलेलीच नाहीत, त्या वर्षांसाठी त्याचे उत्तर मागावयाचे आणि ते शेतातील मापाशी ताडून पाहावयाचे. ही तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. शिकविलेल्या गणिताचे उत्तर विद्यार्थ्याने बरोबर सांगितले, यावरून त्याची परीक्षा होत नाही. ते न पाहिलेल्या गणितावरच होते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

या पद्धतीचा ग्रामीण महाराष्ट्राशी थेट संबंध आला तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात जालन्यासह १५ जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावे समाविष्ट होती. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची संगणकीय पद्धत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अध्यापक, संशोधक व विद्यार्थी यांनी विकसित केली. रोजचा पाऊस, मातीचा पोत व खोली, जमिनीचा उतार आणि त्यावरील पीक ही माहिती घेऊन ती पद्धत वाहते पाणी, मुरते पाणी आणि पिकास पडणारी तूट यांचा अंदाज देते. एरवी ग्रंथालयाच्या कपाटात विसावणारा प्रबंधाचा विषय अशा रीतीने ग्रामसभेपुढे आला.

प्रतिमानाला न दिसणारे

येथेच सावधपणाची आवश्यकता आहे. पाण्याचा हिशेब करणाऱ्या प्रतिमानाला मर रोग दिसत नाही. शेंगा पोखरणारी अळी त्याच्या गणितात नसते. सूक्ष्म कोळी वांझ रोगाचा प्रसार करतो, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून संगणकातील शेत कितीही हिरवे दिसले, तरी बदनापूरच्या प्रयोगक्षेत्राची गरज संपत नाही. उलट वाढते, कारण प्रतिमानाला तपासून घेण्याची जागा तीच आहे.

दुसरी मर्यादा नोंदींची. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर सुमारे दोन हजार स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. तरीही शिवाराच्या एका बाजूला सर येते आणि दुसरी बाजू कोरडी राहते, हा नित्याचा अनुभव आहे. नकाशात खोल दाखविलेली जमीन प्रत्यक्षात हातभरावर मुरूम लागणारी असू शकते. अशा वेळी प्रतिमान पाणी आहे म्हणते आणि विहीर नाही म्हणते. आश्विनात हरभरा किती क्षेत्रावर घ्यावा हे ज्या आकड्यावरून ठरावयाचे, तो आकडा चुकला तर विद्यार्थ्याला प्रबंधातील एक तक्ता सुधारावा लागतो, परंतु शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो. गावाला आकडा देताना त्याबरोबर तो किती चुकू शकतो हेही सांगितले पाहिजे, ते एवढ्यासाठी.

आपण काय करू शकतो?

अधिकाऱ्यांनी कोणत्याही प्रतिमानाचा अहवाल हाती येताच चार प्रश्न विचारावेत. पावसाची नोंद कोणत्या केंद्राची व किती अंतरावरील आहे? मातीची खोली मोजलेली आहे की नकाशावरून घेतलेली? न दाखविलेल्या वर्षांवर त्याची परीक्षा झाली आहे काय? उत्तर कमीत कमी व जास्तीत जास्त किती येऊ शकते? या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर त्या आकड्यावर योजना बेतू नये.

शिक्षकांना शाळेच्या आवारातच प्रयोगशाळा उभारता येईल. सरळ बाजूंचा व सपाट तळाचा एक डबा आणि मोजपट्टी एवढे साहित्य पर्जन्यमापनास पुरते. डबा झाड व भिंत यांपासून दूर ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाण्याची उंची मोजावी, ती मिलिमीटरमध्ये लिहावी आणि डबा रिकामा करावा. वरच्या वर्गांतील मुलांकडून पाऊस, खर्च व शिल्लक असे तीन रकाने आखून घ्यावेत. चार महिन्यांनी त्यांच्या हाती गावाच्या ओलीचे पहिले प्रतिमान असेल.

पंचायत सदस्यांनी गावातील आठ-दहा विहिरी निवडून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी नोंदवावी. निरनिराळ्या भागांत खड्डे घेऊन मातीची खोली मोजावी आणि ही नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात वर्षानुवर्षे जपावी. उद्या एखादा विद्यार्थी संगणकातील गाव घेऊन आपल्या दारी आला, तर त्याच्यासमोर ही वही ठेवावी. त्याचे उत्तर आणि आपली नोंद जुळली तर त्या आकड्यावर गावाने रब्बीची आखणी करावी. जुळली नाही, तर चूक कोठे आहे हे दोघांनी मिळून बांधावर जाऊन शोधावे. रिचर्डसन यांच्या चुकलेल्या गणितापासून प्रतिमाने सुधारत आली आहेत ती अशाच तपासणीमुळे. बदनापूरच्या तुरीला चांगले वाण मिळाले ते नोंदी चिकाटीने ठेवणाऱ्या माणसांमुळे. त्या तुरीला पुरेल एवढे पाणी शिवारात आहे काय, याचे खात्रीचे उत्तरही गावाने ठेवलेल्या नोंदींतूनच मिळणार आहे.